पाण्यातल्या मेढी

पहिला दिवस : झ्युरिक

"पण तिथे बघायला आहे काय?" हा प्रश्न ह्यांनी पहिल्यांदा विचारला तो व्हिसाचे कागद जमवताना. दुसऱ्यांदा विमानात. तिसऱ्यांदा झ्युरिकच्या ऑपेरा हाऊससमोर, जमिनीखालच्या पार्किंगच्या जिन्यात उभं राहून. आणि तिसऱ्या वेळी माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं.

भाची झ्युरिकला नोकरीला आहे. तीन वर्षं "मावशी, ये ना" म्हणून मागे लागली होती. आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणारी माणसं बर्फ बघतात, चॉकलेटं आणतात, गाईच्या गळ्यातली घंटा आणून दिवाणखान्यात टांगतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मला बघायची होती ती आल्प्सच्या पायथ्याच्या तळ्यांकाठची पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची गावं. जर्मनमध्ये त्यांना ‘फालबाउटेन’ म्हणतात, म्हणजे खांबांवरची बांधकामं. मला मात्र त्यासाठी आपला ‘मेढ’ हा शब्द सुचला आणि तोच डोक्यात बसला. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ रोवतो ती मुहूर्तमेढ. तशा लाखो मेढी या तळ्यांच्या गाळात अजून उभ्या आहेत. 2011 साली युनेस्कोने त्यातल्या 111 जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्यांतल्या 56 एकट्या स्वित्झर्लंडमध्ये, बाकीच्या इटली, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात. काळ साधारण इ.स.पू. 5000 ते 500.

गोम अशी की, या 111 जागांवर गेलं तर बहुतेक ठिकाणी डोळ्यांना काहीही दिसत नाही. जे आहे ते पाण्याखाली नाहीतर चिखलाखाली. हे मी घरून निघताना ह्यांना सांगितलं नव्हतं.

ऑपेरा हाऊससमोरचं हे पार्किंग खणायला घेतलं, तेव्हा खाली काहीतरी लागणार हे शहराला ठाऊकच होतं. 2010 ते 2011 असे नऊ महिने पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं आणि गाळाच्या थरांत एकावर एक वसलेली गावं सापडली. अख्खं लाकडी दारही निघालं, पॉप्लरच्या लाकडाचं, इ.स.पू. 3063 च्या सुमाराचं. आता गाडी लावून वर येताना त्या उत्खननाची माहिती काचेमागे मांडलेली दिसते. लोक पार्किंगचे पैसे भरतात आणि सरळ निघून जातात.

"सुमारास म्हणजे किती?" ह्यांनी विचारलं. सार्वजनिक बांधकाम खात्यात हयात गेलेल्या माणसाला ‘सुमारास’ हा शब्द सहन होत नाही.

मी जिन्यातच शिकवणी सुरू केली. झाड दरवर्षी एक कडं धरतं. चांगल्या वर्षी जाड, वाईट वर्षी बारीक. एका प्रदेशातल्या ओकच्या झाडांची ही जाड-बारीक कडी एकमेकांशी जुळतात. आजच्या झाडापासून जुन्या घराच्या तुळईपर्यंत, तुळईपासून गाळातल्या खांबापर्यंत असं मागे मागे जुळवत गेलं की हजारो वर्षांची सलग मालिका हाती येते. खांबाची साल शाबूत असेल तर शेवटचं कडं कोणत्या वर्षाचं ते कळतं, आणि कधी कधी झाड हिवाळ्यात तोडलं की उन्हाळ्यात, तेही.

"म्हणजे काम चालू केल्याची तारीख आहे," हे म्हणाले.

"तारीख नाही, पण साल आहे."

"आमच्या खात्यात तेवढंही मिळत नसे."

दुसरा दिवस : ओबरमाइलेन आणि रोबेनहाउझेन

सकाळी बोटीने माइलेनला गेलो. तळं निळंशार, काठाने द्राक्षमळे, बोटीवर कॉफी. कॉफीची किंमत रुपयांत करू नका असं भाचीने बजावलं होतं. ह्यांनी केली, आणि पुढचा अर्धा तास गप्प बसले.

ही सगळी हकीकत जिथे सुरू झाली ती जागा माइलेनच्या थोडी पुढे आहे, ओबरमाइलेन. 1853-54 चा हिवाळा कडाक्याचा आणि कोरडा होता. तळ्याचं पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर बांध घालून जमीन वाढवून घ्यावी म्हणून गावकऱ्यांनी गाळ उपसायला घेतला, तर खाली खांबच खांब. सोबत हरणांची शिंगं, दगडी कुऱ्हाडी, मडक्यांचे तुकडे. गावातले शाळामास्तर योहानेस एप्ली यांना हे साधं नाही असं वाटलं. त्यांनी झ्युरिकच्या पुरातन वस्तू अभ्यासणाऱ्या मंडळाला पत्र लिहिलं. मंडळाचे अध्यक्ष फर्डिनांड केलर येऊन पाहून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी आपला अहवाल छापला. मास्तरांनी पत्र लिहिलं नसतं तर ते खांब बहुधा कोणाच्या तरी चुलीत गेले असते. एक शाळामास्तर म्हणून मला एप्लींबद्दल जरा जास्तच माया आहे, हे कबूल करते.

केलरांनी मात्र एक घोटाळा करून ठेवला, आणि तो फार देखणा होता. पाण्यातले खांब पाहून त्यांना फ्रेंच दर्यावर्दी द्यूमों द्युर्व्हिलच्या सफरीतलं न्यू गिनीच्या एका गावाचं चित्र आठवलं. समुद्रात खांब, त्यावर लाकडी मचाण, मचाणावर झोपड्या. केलरांनी तसंच चित्र झ्युरिकच्या तळ्यावर बसवलं. काठापासून दूर पाण्यावर एक मोठं मचाण, त्यावर अख्खं गाव, खालून होड्या जाताहेत. लोक या चित्राच्या प्रेमातच पडले. शाळेच्या पुस्तकांत, कॅलेंडरांवर, संग्रहालयांत तेच चित्र. तळ्यातळ्यांत खांब शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. स्विस-जर्मन सीमेवरच्या बोडेन तळ्याकाठी वांगेन गावात कास्पर ल्योले नावाच्या शेतकऱ्याला 1856 मध्ये खांब सापडले, आणि मग जो तो गळ टाकून कुऱ्हाडी काढायला लागला.

खरी गोष्ट इतकी सुबक नव्हती. पण ते पुढे.

ओबरमाइलेनला उतरून आम्ही काठावर उभे राहिलो. समोर पाणी. दोन बदकं. एक आजोबा पोहत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी प्रश्न विचारला नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी भाचीने आगगाडीने वेट्झिकोनला नेलं. तिथून चालत फेफिकर तळ्याच्या काठी रोबेनहाउझेन. इथे दलदल आहे, लव्हाळ्यांमधून फळ्यांची वाट जाते, ह्यांचा एक बूट घोट्यापर्यंत आत गेला. याकोब मेसिकोमर नावाचा शेतकरी 1858 पासून इथे खणत होता. शाळेपलीकडे शिक्षण नव्हतं, पण चिखलातून काय वेचायचं आणि कसं जपायचं हे त्याला जितकं कळत होतं तितकं तेव्हाच्या पुष्कळ विद्वानांना कळत नव्हतं. इतर लोक कुऱ्हाडी वेचून चिखल फेकून देत. मेसिकोमरने चिखलच जपला. त्यात कापड होतं, दोऱ्या होत्या, जाळी होती, जळून कोळसा झालेली भाकरी होती, आणि मधोमध चिरून वाळवलेली रानटी सफरचंदं.

त्या सफरचंदांपाशी मी थांबले, म्हणजे मनाने. प्रत्यक्षात तिथे गवत होतं. पण सुपारीएवढं सफरचंद, कोणीतरी सुरीने दोन भाग केलेले, हिवाळ्यासाठी वाळत घातलेलं. माझी आजी सांगलीकडे उन्हाळ्यात कैरीच्या फोडी वाळवायची. तिचे हात मला आठवतात. हे हात आठवायला कोणी उरलेलं नाही.

मेसिकोमरकडून मिळालेला दाणागोटा झ्युरिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओस्वाल्ड हेर यांनी तपासला. खपली गहू, जव, जवस, खसखस. हो, खपलीच, आमच्याकडे जिची खीर करतात ती. जवसाचं तेलही आणि त्याच्याच धाग्याचं कापडही. वर तळ्यातला शिंगाडा. आमच्या वाणसामानाची अर्धी यादी झाली! मी ही नावं मोठ्याने म्हणत होते, तर हे म्हणाले, "मग जवसाची चटणी करत असतील."

"मिरची नव्हती."

"मग काय उपयोग."

तिसरा दिवस : उंटरउल्डिंगेन

आगगाडीने बोडेन तळ्याकाठचं कोन्स्टान्झ, तिथून फेरीबोटीने मेर्सबुर्ग. फेरीत गाड्या, सायकली, कुत्री, आम्ही. पंधरा मिनिटांत जर्मनीचा दुसरा किनारा. मग बसने उंटरउल्डिंगेन. बसमधून उतरल्या उतरल्या, एकदाचं, काहीतरी दिसलं!

पाण्यावर खांब, खांबांवर लाकडी पूल, पुलाने जोडलेली घरं, कुडाच्या भिंती, गवताची उतरती छपरं, मागे तळं आणि तळ्यापलीकडे धूसर डोंगर. हे म्हणाले, "हे काय, हेच दाखवायचं होतं तर सरळ इथेच का नाही आणलंस?"

इथे आता 23 घरं आहेत, सगळी नव्याने बांधलेली. पहिली दोन 1922 साली उभी राहिली. त्यामागे हान्स राइनर्ट नावाचा तरुण पुरातत्त्वज्ञ होता. उत्खननात हुशार, आणि पुढे नाझी राजवटीत तितकाच पुढे. नाझी पुढारी आल्फ्रेड रोझेनबर्गच्या कचेरीत जर्मन प्रागैतिहासाचा प्रमुख झाला, आणि तळ्याकाठचे हे शेतकरी थेट जर्मन पूर्वजांच्या गौरवगाथेत बसवले गेले. 1930च्या दशकात इथल्या घरांची संख्या वाढली ती त्याच वाऱ्यावर. संग्रहालय हा भाग लपवत नाही, ही चांगली गोष्ट आहे. खपली दळणाऱ्या आणि जाळी विणणाऱ्या माणसांना पाच हजार वर्षांनी कोणी आपल्या झेंड्याखाली उभं करावं, याची गंमतही वाटते आणि चीडही येते. आपल्याकडेही उत्खननातल्या एका खापरावरून भांडणं लागतात. ते असो.

घरात शिरलं की पहिला येतो तो धुराचा वास. चूल मधोमध, मातीच्या थरावर, म्हणजे लाकडी जमीन पेटू नये. चुलीवर मडकं. कोपऱ्यात जातं नव्हे, पाटा: एक पसरट दगड आणि त्यावर मागेपुढे सरकवायचा दुसरा. भाचीने दोन मिनिटं घासून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, या बायकांचे गुडघे गेले असणार." एकूण पाटा घासण्यात दिवसाचे कित्येक तास जात असणार, हे त्या दोन मिनिटांत समजतं.

भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली. तिचा दांडा ॲश नावाच्या झाडाचा, पातं हिरवट दगडाचं घासून गुळगुळीत केलेलं, आणि दोघांच्या मध्ये हरणाच्या शिंगाची टोपी. मार्गदर्शक बाईंनी ती हातात दिली. शिंग का? दगडाचा घाव सरळ लाकडाला बसला तर दांडा चिरतो. शिंग तो धक्का पचवतं. ह्यांनी कुऱ्हाड तोलली, फिरवली, टोपीला नखाने टोकरलं. "बेअरिंग पॅड," एवढंच म्हणाले. पण पहिल्या दिवसापासूनचा तो आवाज त्यात नव्हता.

बाकी वस्तू बघताना जाणवतं की दगड हा यांच्या जगाचा अगदी छोटा हिस्सा होता. त्यांचं जग लाकडाचं, सालीचं आणि दोऱ्याचं. लिंडेनच्या झाडाची अंतर्साल पाण्यात कुजवून तिचा वाख काढायचा, जसा आमच्याकडे घायपाताचा काढतात. त्याच्या दोऱ्या, टोपल्या, टोप्या, पायातल्या चपला. सिप्लिंगेनला अशी सालीची चप्पल मिळाली आहे. बर्च झाडाच्या सालीतून काढलेलं काळं डांबर बाणाचं टोक चिकटवायला, फुटकं मडकं सांधायला वापरायचे. आणि चघळायलाही, कारण त्याच्या गोळ्यांवर दातांचे ठसे मिळाले आहेत.

आता तो सुबक घोटाळा. 1940च्या दशकात ओस्कर पारेट या जर्मन संशोधकाने सरळ सांगितलं की पाण्यावरचं गाव ही कल्पना चुकीची आहे. घरं पाण्यात नव्हती, काठावरच्या ओल्या जमिनीवर होती. तळ्याची पातळी नंतर वाढली. पुढे झ्युरिकच्या एमिल फोग्टनेही हीच बाजू घेतली. आता मत असं की दोन्ही खरं. कुठे जमिनीवर, कुठे जमिनीपासून वर उचललेली, आणि इटलीतल्या फियावेसारख्या ठिकाणी खरोखरच पाण्यावर, नऊ मीटर लांबीच्या खांबांवर. वसंतात बर्फ वितळून तळी फुगतात, तेव्हा काठावरच्या घराखाली पाणी येणारच. कोकणात भरतीला दारापर्यंत पाणी येणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी ‘समुद्रातली घरं’ म्हणत नाही.

म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर होतं ते निम्मं केलरांच्या चित्रातलं गाव होतं. मी हे ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. पण ते पुलावर वाकून खांब बघत होते.

"हे खांब उभे कसे राहिले? खाली काय आहे?"

खाली आहे तळ्याचा पांढरा चुनखडीचा गाळ, लोण्यासारखा मऊ. त्यात खांब ठोकला तर जातच राहतो. मग त्या लोकांनी काय केलं, तर एक जाड फळी घेतली, तिला मध्ये भोक पाडलं, फळी गाळावर आडवी ठेवली आणि खांब त्या भोकातून खाली घातला. खांबाला एक आडवी खिट्टी किंवा खाच. खांबाचा भार फळीवर, फळी गाळावर पसरलेली. जर्मनमध्ये याला ‘खांबाचा जोडा’ म्हणतात, पायातला जोडा. झ्युरिकला तर ते रांगेने सापडले आहेत.

ह्यांनी खिशातून तिकीट काढलं आणि मागे पेनाने आकृती काढली. फळी, भोक, खांब, बाण काढून भार. मग परत एकदा काढली. परतीच्या फेरीबोटीवर पूर्ण वेळ हा माणूस तळ्याकडे न बघता तिकिटाकडे बघत होता. "स्प्रेड फूटिंग आहे," ते मला म्हणाले, जणू काही मी वाद घालत होते. "पाच हजार वर्षांपूर्वी. मातीची बेअरिंग कपॅसिटी कमी म्हणून. त्यांना सांगितलं कोणी?"

चौथा दिवस : पाऊस, कोन्स्टान्झ, आर्बोन

सकाळपासून पाऊस. कोन्स्टान्झच्या जुन्या मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयात दुपारपर्यंत बसलो, म्हणजे मी फिरले आणि हे बसले.

इथल्या तळ्याच्या टोकाला लुडविग्सहाफेन आहे. तिथल्या पाण्यातून पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी एका घराच्या भिंतीचे तुकडे वर काढले. इ.स.पू. 3860 च्या आसपासचे. घर जळालं म्हणून भिंतीची माती भाजली गेली आणि टिकली. तुकडे जुळवल्यावर दिसलं की मातीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने स्त्रियांच्या आकृत्या काढलेल्या होत्या, आणि त्यांचे स्तन मातीचे, भिंतीतून उठावात घडवलेले. कुडाची भिंत, वर पांढरी रेघ. डहाणूकडे लग्नाचा चौक काढणाऱ्या सवाशिणी डोळ्यांपुढे आल्या. संबंध काही नाही. हजारो मैल आणि हजारो वर्षं मध्ये आहेत, हे मला पोरांना शिकवून शिकवून पाठ आहे. तरी आल्या.

पाऊस थांबेना म्हणून गाडीत बसलो आणि तळ्याच्या दक्षिण काठाने आर्बोनला गेलो. आर्बोनलाही दिसत काही नाही. आता हे विचारायचेही थांबले होते. पण या एका गावाबद्दल जितकं कळलं आहे तितकं फार थोड्यांबद्दल कळलं आहे. इ.स.पू. 3384 मध्ये पहिल्या मेढी रोवल्या. घरं वाढत वाढत सत्तावीस झाली. 3370 मध्ये आग लागून सगळं संपलं. पंधरा वर्षं! आपल्याकडे एखादी सहकारी सोसायटी नोंदणी व्हायला याहून जास्त वेळ लागतो. हिमात गोठून सापडलेला तो प्रसिद्ध माणूस, ओत्झी, आल्प्सच्या दुसऱ्या अंगाला फिरत होता तो याच काळाच्या आगेमागे.

पंधरा वर्षं ही काही अपवादाची गोष्ट नव्हती. एकेक घर साधारण दहा-वीस वर्षंच टिकायचं. त्याचं कारण ह्यांनी न विचारता सांगितलं: लाकूड कायम पाण्याखाली असेल तर कुजत नाही, कायम कोरडं असेल तरी नाही, पाणी चढतं-उतरतं तिथेच ते खातं. कोकणातल्या धक्क्यांचे खांब तिथेच बारीक होतात. उंटरउल्डिंगेनच्या नव्या घरांचे खांबही म्हणूनच पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. मग लोक घर सोडून थोडं पुढे नवं बांधायचे. त्याच काठावर शे-दोनशे वर्षांनी कोणीतरी परत येई. गावापेक्षा फिरती वस्ती म्हणावं का, असं वाटतं.

सुखाचं आयुष्य होतं असंही नाही. आर्बोनच्या थरांत माशातून माणसाच्या पोटात जाणाऱ्या फितीच्या जंताची अंडी मिळाली आहेत, म्हणजे मासा अर्धाकच्चा खाल्ला जात होता. झ्युरिककडे इ.स.पू. 3700 च्या पुढेमागे हवा थंड झाली, पिकं बुडाली, तेव्हा उकिरड्यात गुरांच्या हाडांपेक्षा लाल हरणांची हाडं एकदम वाढतात. दुष्काळात रानाकडे धाव, ही गोष्ट कोणाला परकी आहे?

आणि एक गोष्ट मला दोन दिवस सलत होती, ती इथे पावसात गाडीच्या काचेकडे बघताना नीट समोर आली. या गावांमध्ये भाकरी मिळाली, चप्पल मिळाली, सफरचंदाच्या फोडी मिळाल्या, शेणसुद्धा मिळालं. माणसं कुठे आहेत? दफनं जवळजवळ नाहीतच. काठाकाठाने शेकडो गावं, आणि त्यांच्या मृतांचं काय केलं, कुठे नेलं, याचा मागमूस फार थोडा.

मी मुलांना पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात न्यायची, इनामगाव दाखवायला. शिरूरजवळ घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगीन गाव, इ.स.पू. 1600 ते 700. तिथे नेमकं उलट. लाकूड सगळं कुजून गेलं, घरांच्या खांबांचे जमिनीतले फक्त खळगे उरले. पण माणसं आहेत. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं. घोट्याखाली पाय तोडून पुरलेले मोठे. दरवर्षी त्या मडक्यांपाशी एखादी मुलगी रडायची. इथे तळ्याकाठी रडायला कोणी नाही. इथे फक्त दोरा आहे, आणि तो दोरा वळणारे हात कुणाचे ते नाही.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं. त्यांनी तिकीट पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याकडे खळगे उरले आणि इथे खांब. दोन्ही जोडले तर घर होतं."

पाचवा दिवस : न्यूशातेल

भाषा बदलली. सकाळी झ्युरिकहून निघालो तेव्हा जर्मन, उतरलो तेव्हा फ्रेंच. न्यूशातेलजवळ ओतरीव्हला तळ्याच्या काठावर लातेनियम हे मोठं पुरातत्त्व संग्रहालय आहे, 2001 मध्ये उघडलेलं. त्याची रचना मला आवडली: आत शिरलं की आधी अलीकडचा काळ, मग रोमन, मग तळ्याकाठचे लोक, मग हिमयुगातले घोड्यांचे शिकारी. मुलांना इतिहास असाच शिकवायला हवा होता, आजपासून मागे. आता निवृत्त झाल्यावर सुचून काय उपयोग.

या भागात खांब दिसू लागले ते माणसाच्या करणीने. पुराचा त्रास कमी करायला 1868 ते 1891 या काळात कालवे खणून न्यूशातेल, बील आणि मुर्तेन ही तीन तळी अडीच मीटरच्या आसपास खाली उतरवली. एका पिढीत किनारे उघडे पडले आणि खांबांची जंगलं वर आली. लूटही झाली. गाड्या भरभरून कांस्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, सुया बाहेर गेल्या आणि युरोपभरच्या संग्रहांत विखुरल्या. उरलं ते उन्हात वाळून मोडत गेलं, कारण हवा लागली की संपलं. पाच हजार वर्षं टिकलेलं लाकूड दहा हिवाळ्यांत भुगा होतं. आज तळ्यांमध्ये काही ठिकाणी खांबांवर जाळीसारखं कापड आणि खडी पसरून ठेवतात, बोटींच्या लाटांनी गाळ धुपून जाऊ नये म्हणून. जागतिक वारसा वाचवायचा म्हणजे तो पुन्हा झाकून ठेवायचा.

1980च्या दशकात इथून महामार्ग जाणार होता. तेव्हा तळ्याच्या काठाला बांध घातला, पाणी उपसलं आणि कांस्ययुगातलं एक अख्खं गाव कोरड्या जमिनीवर उकरलं, शांप्रेव्हेर. इ.स.पू. 1000 च्या आसपासचं. याच वेळी इनामगावात जव पिकत होता. तिथल्या आणि इथल्या बायका एकाच वेळी उखळात दाणे कांडत होत्या, एवढंच. बाकी काही नातं नाही.

बागेत खांबांवर उभं केलेलं एक घर आहे, पाण्याकडे तोंड करून. त्याच्या पायथ्याशी ह्यांनी अर्धा तास घालवला. मी बाकावर बसून धपाटे खाल्ले. भाचीने पहाटे उठून केले होते, शेंगदाण्याच्या चटणीसह. सुरक्षारक्षक दोनदा बघून गेला, काही बोलला नाही. मग हे आले, गुडघ्यांना माती.

"जोडा नाही दिसत इथे," म्हणाले.

"इथे जमीन वेगळी असेल."

"असेल. खाली कडक थर जवळ असेल." आणि तिकीट परत काढलं.

परतीची गाडी बील तळ्याच्या काठाने जाते, अगदी पाण्यालगत. एका बाजूला द्राक्षांचे चढ, दुसऱ्या बाजूला पाणी. भाची झोपली होती. मी फोनवर नकाशा बघत होते. ट्वान नावाचं एक छोटं स्टेशन येणार होतं. 1970च्या दशकात तिथे रस्त्यासाठी खणताना नवाश्मयुगातली गावं लागली, एकावर एक, आणि त्यांतच मिळाली ती अख्खी भाजलेली, आंबवलेल्या कणकेची भाकरी. इ.स.पू. 3500 च्या आसपासची. कोणीतरी चुलीत जरा जास्त ठेवली, जळली, फेकून दिली.

"गाडी थांबते का तिथे?" ह्यांनी विचारलं.

"नाही. ही जलद आहे."

त्यांनी चष्मा लावला आणि खिडकीला चिकटून बसले. ट्वान आलं आणि गेलं, पाच-सहा सेकंदं. पाणी, एक धक्का, बांधून ठेवलेल्या दोन होड्या.

"बघितलंत?" मी विचारलं.

"धक्क्याचे खांब बदलायला झालेत," ते म्हणाले.